चार्ली सिफर्ड आणि पीजीएच्या घटनेतलं एक कलम

अमेरिकेच्या व्यावसायिक गोल्फ सर्किटवर नियमित खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, अशी चार्ली सिफर्डची ओळख एका ओळीत उरकली जाते. ओळ खरी आहे, पण तिच्यातून फारसं काही हाती लागत नाही. त्याला अडवलं नेमकं कुणी? मैदानाच्या फाटकावर पाटी होती का? सरकारचा कायदा होता का? आणि तेराव्या वर्षी मोठ्यांना भारी पडणाऱ्या पोराला खेळाडूचं कार्ड मिळेपर्यंत पस्तिशी का उलटली? या प्रश्नांची उत्तरं गोल्फच्या कागदपत्रांत सापडतात, म्हणून आधी ती कागदपत्रं बघू.

स्पर्धेत शिरायचं कसं

गोल्फच्या पूर्ण मैदानात अठरा होल असतात. चांगल्या खेळाडूने ते किती फटक्यांत संपवावेत याचा एक आकडा ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात; बहुतेक ठिकाणी तो ७० ते ७२ असतो. फटके जितके कमी तितका खेळ चांगला. व्यावसायिक स्पर्धा सहसा चार दिवस चालते, रोज एक फेरी. दोन फेऱ्यांनंतर ‘कट’ लागतो. वरचे काही खेळाडू पुढचे दोन दिवस खेळतात, बाकीचे सामान बांधतात. कट चुकलेल्याच्या हाती सहसा बक्षिसाचा एक डॉलरही लागत नाही.

या खेळात संघ नाही, मालक नाही, पगार नाही. गाडीचं पेट्रोल, मुक्काम, जेवण, पिशवी वाहणाऱ्या कॅडीचे पैसे सगळं स्वतःच्या खिशातून. म्हणजे पोट भरायला दोन गोष्टी लागतात: पुरेशा स्पर्धांमध्ये प्रवेश आणि तिथे कट पार करण्याइतका खेळ. दुसरी गोष्ट खेळाडूच्या हातात असते. पहिली त्या काळी प्रोफेशनल गोल्फर्स असोसिएशन ऑफ अमेरिका, म्हणजे पीजीए, या संघटनेच्या हातात होती.

पीजीएची स्थापना १९१६ची. मुळात ही क्लबांत नोकरी करणाऱ्या प्रोफेशनल लोकांची संघटना. क्लबच्या सभासदांना खेळ शिकवायचा, दुकानात गोल्फच्या काठ्या (त्यांनाही क्लबच म्हणतात) आणि चेंडू विकायचे, काठ्यांची दुरुस्ती करायची, हे त्यांचं काम. स्पर्धांचं सर्किट ही त्या संघटनेची एक शाखा होती. खेळाडूंनी वेगळं होऊन आपली स्वतंत्र टूर, म्हणजे स्पर्धांची मालिका, उभी केली ती थेट १९६८ मध्ये. तोपर्यंत सर्किटवर खेळायचं तर पीजीएचं सभासदत्व किंवा पीजीएची परवानगी लागायची.

आणि १९३४ मध्ये पीजीएच्या घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदात सभासदत्वाची पात्रता लिहिली गेली: कॉकेशियन वंशाचे, म्हणजे गोरे, अठरा वर्षांवरचे, उत्तर किंवा दक्षिण अमेरिकेत राहणारे व्यावसायिक गोल्फपटू. वंशाचा उल्लेख वयाच्या आणि पत्त्याच्या शेजारी, त्याच सुरात. या कलमामुळे कुठल्याच आयोजकाला ‘तू काळा आहेस’ असं तोंडावर म्हणावं लागत नव्हतं. ‘तू सभासद नाहीस’ एवढं सांगितलं की काम भागायचं. सभासद का नाही, हे विचारायला गेलं तर घटनेकडे बोट.

त्याआधी सगळं आलबेल होतं असं नाही, पण दार अगदी बंदही नव्हतं. १८९६ मध्ये शिनेकॉक हिल्सला दुसरी यूएस ओपन, म्हणजे अमेरिकेची खुली राष्ट्रीय स्पर्धा, झाली तेव्हा जॉन शिपन हा सोळा-सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा तिथे खेळला. त्याच्यासोबत आपण खेळणार नाही अशी धमकी काही परदेशी प्रोफेशनल्सनी दिली होती. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेचे अध्यक्ष थिओडोर हॅवमायर यांनी ती झुगारली आणि तुम्ही आलात न आलात तरी स्पर्धा होणार, असं बजावलं. शिपनने ७८ आणि ८१ अशा दोन फेऱ्या केल्या. दुसऱ्या फेरीत तेराव्या होलवर वाळूच्या रस्त्यात अडकून त्याने तब्बल अकरा फटके घालवले. जिंकणाऱ्या जेम्स फाउलिसचे १५२ झाले, शिपनचे १५९. तो एक होल सरळ गेला असता तर निकाल बराच चुरशीचा झाला असता. पुढे १९२८ मध्ये ड्यूई ब्राउन या कुशल क्लब बनवणाऱ्या कारागिराला पीजीएचं सभासदत्व मिळालं आणि १९३४ मध्ये ते काढूनही घेतलं गेलं.

या कलमामागे आणखी एक कुलूप होतं, त्याची चर्चा कमी होते. पीजीएचा पूर्ण सभासद व्हायचं तर एखाद्या क्लबात काही वर्षं उमेदवारी करावी लागे. गोऱ्यांचे खाजगी क्लब कृष्णवर्णीय माणसाला कॅडी म्हणून ठेवत, स्वयंपाकघरात ठेवत, हिरवळ कापायला ठेवत. प्रोफेशनलचा साहाय्यक म्हणून घेत नसत. म्हणजे वंशाचा शब्द उद्या खोडला तरी अनुभवाची अट आडवी येणारच होती.

शार्लटचा कॅडी

सिफर्डचा जन्म २ जून १९२२चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरातला. दहाच्या आसपास वय असताना तो कॅरोलायना कंट्री क्लबात कॅडीचं काम करू लागला. दिवसाला ६० सेंट मिळायचे. त्यातले ५० आईला, उरलेले १० सिगारला. ती सिगार पुढे आयुष्यभर तोंडात राहिली, बहुतेक वेळा न पेटवलेली, आणि फोटोंमध्ये त्याची खूण बनली.

कॅडी म्हणजे नुसता हमाल नव्हे. खेळाडूची पिशवी वाहताना अंतर किती, वारा कुठला, होलभोवतीच्या हिरवळीचा उतार कुणीकडे, कुठल्या फटक्याला कुठला क्लब, हे सगळं त्याला कळावं लागतं. क्लब बंद असेल त्या दिवशी कॅडींना खेळू द्यायची पद्धत अनेक ठिकाणी होती. गरीब घरातल्या पोराला फुकट गोल्फ शिकायचा तेवढा एकच रस्ता. सिफर्ड क्लेटन हेफनर या नावाजलेल्या गोऱ्या व्यावसायिकाची बॅग उचलायचा. हाच हेफनर पुढे दोनदा यूएस ओपनमध्ये दुसरा आला. शिकायला याहून चांगला माणूस मिळणं कठीण. तेराव्या वर्षी सिफर्ड पारच्या आत खेळत होता.

खेळ सुधारला तशी अडचण वाढली. गुणी कॅडी सभासदांना हवा असतो. सभासदांपेक्षा चांगला खेळणारा काळा पोरगा मैदानावर डोळ्यात खुपतो. सतराव्या वर्षी त्याने शार्लट सोडलं आणि फिलाडेल्फिया गाठलं. तिथे कॉब्स क्रीक हे नगरपालिकेचं मैदान सगळ्यांना खुलं होतं. फी भरा आणि खेळा. तिथे त्याला हॉवर्ड व्हीलर भेटला. तो क्लब उलट्या हातांनी धरायचा, डावा हात खाली आणि उजवा वर. पुस्तकी नियमाप्रमाणे ही पकड साफ चूक, पण ती धरून तो लांबच लांब मारायचा आणि पैजा जिंकायचा. पाठ्यपुस्तकातला स्विंग आणि जिंकणारा स्विंग एकच असतो असं नाही, हे सिफर्डला तिथे दिसलं. तोही सुबक स्विंगसाठी कधी ओळखला गेला नाही.

दुसऱ्या महायुद्धात तो लष्करात होता, ओकिनावाला. परत आल्यावर १९४८ मध्ये व्यावसायिक झाला. त्याच सुमाराला त्याने जॅकी रॉबिन्सनशी बोलून घेतलं होतं. रॉबिन्सन १९४७ मध्ये बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये उतरला होता. तू अर्ध्यात सोडणारा तर नाहीस ना, एवढाच त्याचा प्रश्न होता, असं सिफर्ड पुढे सांगायचा.

या दोघांची तुलना नेहमी होते, पण दोघांची परिस्थिती सारखी नव्हती. बेसबॉलमध्ये ब्रूकलिनच्या संघाचे सूत्रधार ब्रांच रिकी यांनी निर्णय घेतला आणि रॉबिन्सनला करार दिला. पगार ठरलेला, संघ पाठीशी, मैदान आपलं. गोल्फमध्ये असा कुणी एक रिकी असूच शकत नव्हता. दर आठवड्याला नवं गाव, नवा खाजगी क्लब, नवी आयोजन समिती. एकाने दार उघडलं तरी पुढच्या आठवड्यात दुसरं बंद. सिफर्डला तीच लढाई दरवेळी पहिल्यापासून लढावी लागायची.

पोटापाण्यासाठी त्याने गायक बिली एक्स्टाइन यांच्याकडे नोकरी धरली. गोल्फ शिकवायचा, गाडी चालवायची, पडेल ते करायचं. खेळायला यूजीए होतं. युनायटेड गोल्फर्स असोसिएशन ही कृष्णवर्णीय गोल्फपटूंनी १९२०च्या दशकात उभी केलेली स्वतंत्र संघटना. स्पर्धा सार्वजनिक मैदानांवर व्हायच्या. हिरवळी खडबडीत, बक्षीस काहीशे डॉलरचं. त्यात प्रवासखर्च जेमतेम निघे. यूजीएची राष्ट्रीय स्पर्धा सिफर्डने सहा वेळा जिंकली, त्यातल्या पाच १९५२ ते १९५६ अशा ओळीने. या विजयांची नोंद पीजीएच्या आकडेवारीत नाही. त्याच्या नावापुढे आज ‘दोन विजय’ लिहिलेले दिसतात तेव्हा हे लक्षात ठेवलेलं बरं, कारण त्याच्या खेळाची सगळ्यात जोमदार वर्षं या न मोजल्या गेलेल्या स्पर्धांत गेली.

रिचमंड, सॅन डिएगो, फीनिक्स

कलमाला पहिला धक्का सिफर्डने दिला नाही. तो बिल स्पिलर आणि टेड ऱ्होड्स या कृष्णवर्णीय व्यावसायिकांनी दिला, आणि या गोष्टीत स्पिलरला मिळायला हवं तेवढं श्रेय मिळत नाही.

जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिस ओपन झाली. तिथले आयोजक कृष्णवर्णीय खेळाडूंना घेत असत. स्पिलरची पहिली फेरी ६८ची, त्या काळच्या अव्वल खेळाडूच्या, बेन होगनच्या बरोबरीची. अखेरीस स्पिलर आणि ऱ्होड्स दोघेही पहिल्या साठांत आले. नियमाप्रमाणे पहिल्या साठांना पुढच्या स्पर्धेत, ऑकलंडजवळच्या रिचमंड ओपनमध्ये, थेट प्रवेश होता. दोघं तिथे गेले, सराव केला आणि तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की तुम्ही पीजीएचे सभासद नाही, खेळता येणार नाही. स्थानिक खेळाडू मॅडिसन गंटर याचीही तीच गत.

तिघांनी मिळून ३,१५,००० डॉलरचा दावा ठोकला. सुनावणी व्हायच्या आधीच तडजोड झाली: पीजीएने भेदभाव न करण्याचं आश्वासन दिलं, यांनी दावा मागे घेतला. मग काय झालं? स्पर्धांच्या नावात ‘ओपन’च्या जागी किंवा जोडीला ‘इन्व्हिटेशनल’ आलं. ओपन म्हणजे पात्र ठरेल तो खेळेल. इन्व्हिटेशनल म्हणजे निमंत्रण असेल तो. निमंत्रण न देणं हा भेदभाव आहे असं कोर्टात सिद्ध करणं फार अवघड. घटनेतलं कलम जागच्या जागी राहिलं. लेखी हमी न घेता दावा मागे घेतला की काय होतं, याचा हा धडधडीत नमुना.

१९५२ मध्ये सॅन डिएगोला पुन्हा तोच प्रकार. या वेळी मध्ये होता जो लुई, हेवीवेट बॉक्सिंगचा माजी जगज्जेता आणि गोल्फचा वेडा. त्याला हौशी खेळाडू म्हणून निमंत्रण होतं, स्पिलर पात्रता फेरीतून आला होता. पीजीएने आधी दोघांनाही नाही म्हटलं. जो लुईला नाही म्हणणं म्हणजे देशभर बोंब होणं. वर्तमानपत्रं आणि रेडिओवर गाजावाजा झाल्यावर पीजीएचे अध्यक्ष हॉर्टन स्मिथ यांनी लुईला खेळू दिलं. तो हौशी, त्यामुळे सभासदत्वाचा प्रश्नच येत नव्हता. स्पिलर व्यावसायिक, तो बाहेरच राहिला. तो निषेध म्हणून पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, जाऊन उभा राहिला.

त्यातून एक तोडगा निघाला: स्पर्धेच्या प्रायोजकाने बोलावलं तर कृष्णवर्णीय व्यावसायिकाला खेळता येईल. सगळा भार प्रायोजकाच्या मर्जीवर.

लगेचच फीनिक्स ओपन होती आणि लुईने मिळवलेल्या निमंत्रणावर सिफर्ड तिथे पात्रता फेरी खेळायला गेला. कृष्णवर्णीय खेळाडूंचा एकच गट करून त्यांना सकाळी लवकर सोडलं. पहिल्या हिरवळीवर झेंडा काढायला गेले तर होलमध्ये मानवी विष्ठा. गोल्फचा होल सव्वाचार इंच रुंद असतो, आत एक कप बसवलेला असतो. असा कप साफ करून चालत नाही. कटर आणून हिरवळीत दुसरीकडे नवा होल पाडायचा, निघालेली माती-गवताची गुंडी जुन्या होलमध्ये बसवून सपाट करायची, नवा कप लावायचा. हे करायला माणूस यायला जवळजवळ तासभर लागला. पहिल्याच होलवर तासभर उभं राहून, अंग थंड पडल्यावर, त्यांनी उरलेली फेरी खेळली.

नुकसान आकड्यांत

प्रायोजकाच्या मर्जीने चालणारी ही पद्धत खेळाडूला कशी मारते ते बघा. सर्किट साखळीसारखं चालायचं. आदल्या आठवड्यात कट पार केला तर पुढच्या स्पर्धेत थेट जागा. साखळी तुटली तर पुन्हा सोमवारी पात्रता फेरी: थोड्या जागा, खूप खेळाडू, एकच दिवस, एक वाईट होल आणि आठवडा वाया. वसंत ऋतूत सर्किट दक्षिणेकडच्या राज्यांत जायचं, आणि तिथले आयोजक सिफर्डला बोलवत नसत. म्हणजे कॅलिफोर्नियात चांगला खेळला तरी पुढचे आठवडे रिकामे. बाकीचे त्या काळात खेळात रुळत, पैसे साठवत. हा उन्हाळ्यात परत आला की गाडी पुन्हा शून्यापासून.

मुक्कामाचं वेगळंच. हॉटेल मिळत नसे, गावातल्या कृष्णवर्णीय कुटुंबाकडे पथारी टाकायची. अनेक क्लबहाउसांत प्रवेश नाही, बूट गाडीत बसून बदलायचे. जेवणाचंही तसंच.

मग प्रत्यक्ष मैदान. गोल्फमध्ये प्रेक्षक दोरीपलीकडे हाताच्या अंतरावर असतात आणि खेळाडू स्थिर चेंडूला मारत असतो. हात मागे जात असताना एक ओरड पुरते, क्लबचं तोंड काही अंशांनी वळतं आणि चेंडू झाडीत. याहून वाईट म्हणजे चेंडू लाथाडणं, जे सिफर्डच्या वाट्याला आलं. नियम सांगतो की थांबलेला चेंडू बाहेरच्या माणसाने हलवला तर दंड न लागता तो मूळ जागी ठेवायचा. पण कुणी हलवला हे कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं. २५० यार्डांवरून मारणाऱ्याला ते दिसत नाही. तो तिथे पोहोचतो तेव्हा चेंडू उंच गवतात असतो आणि आजूबाजूला सगळे गप्प. साक्षीदार नाही, तर आहे तिथून खेळा. चेंडू सापडलाच नाही तर दंडाचा एक फटका आणि पुन्हा मागे जाऊन पहिल्या जागेवरून. म्हणजे एका लाथेची किंमत एक ते दोन फटके. सिफर्डच्या कारकिर्दीतला एक मोठा विजय एका फटक्याने आला आणि दुसरा बरोबरी सुटून, हे ध्यानात घेतलं की या फटक्यांचं वजन कळतं.

या सगळ्यात त्याने एक गोष्ट ठरवून टाळली: उलट उत्तर देणं. चिडला असता तर खेळ बिघडला असता, आणि हात उगारला असता तर ज्यांना बंदी कायम ठेवायची होती त्यांना आयतंच कारण मिळालं असतं. मैदानाबाहेर तो गोडबोल्या नव्हता. कडवटपणा त्याने कधी लपवला नाही.

कलम कसं गेलं

१९५७ मध्ये सिफर्डने लाँग बीच ओपन जिंकली. पीजीए सहआयोजक, नामवंत गोरे खेळाडू मैदानात, पण स्पर्धा ५४ होलची, म्हणजे तीनच फेऱ्यांची. त्यामुळे अधिकृत विजयांत ती धरली जात नाही.

मुख्य चाल झाली कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या, कार्यालयातून. स्टॅनली मॉस्क हे त्या पदावर होते. स्पिलर तेव्हा लॉस एंजेलिसच्या हिलक्रेस्ट क्लबात कॅडीचं काम करत होता. एवढ्या दर्जाचा खेळाडू दुसऱ्यांच्या पिशव्या का उचलतो, असं एका सभासदाने विचारलं तेव्हा त्याने कलमाबद्दल सांगितलं, आणि तिथून तक्रार मॉस्क यांच्यापर्यंत गेली. सिफर्डशीही त्यांची ओळख झाली. मॉस्क यांनी पीजीएला कळवलं की वंशावरून भेद करणाऱ्या संघटनेला राज्यातली सार्वजनिक मैदानं वापरता येणार नाहीत. ठीक आहे, खाजगी मैदानांवर खेळू, असा पीजीएचा पवित्रा होता. तिथेही अडवू, असं मॉस्क यांनी सांगितलं, आणि दुसऱ्या राज्यांतल्या ॲटर्नी जनरलना पत्रं लिहिली.

कॅलिफोर्निया हे सर्किटचं दुभतं राज्य. हिवाळ्यातल्या कितीतरी स्पर्धा तिथल्या. त्यामुळे पीजीएला पैशाची झळ दिसू लागली. १९६० मध्ये सिफर्डला ‘अप्रूव्ह्ड टूर्नामेंट प्लेयर’ म्हणून कार्ड मिळालं. सभासदत्व मात्र नाही. नुसती खेळण्याची परवानगी. १९६२ची पीजीए चॅम्पियनशिप लॉस एंजेलिसच्या ब्रेंटवुड क्लबात ठरली होती, ती पीजीएने उचलून पेनसिल्व्हेनियातल्या अरॉनिमिंकला नेली. कलम वाचवण्यासाठी आपली सर्वांत मोठी स्पर्धा हलवायची तयारी होती, यावरून त्याला किती चिकटून बसले होते ते कळतं. अखेर नोव्हेंबर १९६१च्या वार्षिक सभेत ते शब्द घटनेतून काढले गेले. सिफर्ड तेव्हा ३९ वर्षांचा होता. स्पिलरची पन्नाशी जवळ आली होती, त्याला या बदलाचा उपयोग झाला नाही. २००९ मध्ये पीजीएने स्पिलर, ऱ्होड्स आणि शिपन यांना मरणोत्तर सभासदत्व दिलं.

कलम जायच्या काही महिने आधी, एप्रिल १९६१ मध्ये, सिफर्ड ग्रीन्सबरोला खेळला होता. दक्षिणेतल्या पीजीए स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडू उतरण्याची ही पहिली वेळ, आणि ती त्याच्याच जन्मराज्यात. पहिल्या फेरीत ६८. रात्री फोन आला: उद्या मैदानावर आलास तर जिवंत राहणार नाहीस. तो गेला. गोऱ्या तरुणांचं टोळकं होलमागून होल शिव्या देत मागे होतं, शेवटी पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. तो चौथ्या क्रमांकावर राहिला. या चौथ्या क्रमांकाला त्याच्या विजयांच्या तोडीचं मानावं असं आमचं मत आहे.

विजय, आणि जे निमंत्रण आलंच नाही

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अधिकृत पीजीए स्पर्धा जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू सिफर्ड नव्हे, पीट ब्राउन. १९६४, ओक्लाहोमातली वॅको टर्नर ओपन. सिफर्डची पाळी १९६७ मध्ये आली, ग्रेटर हार्टफर्ड ओपनला, पंचेचाळिसाव्या वर्षी. शेवटच्या फेरीत ६४ फटके, एका फटक्याने विजय, बक्षीस २०,००० डॉलर.

दुसरा विजय १९६९च्या लॉस एंजेलिस ओपनमध्ये, रँचो पार्क या सार्वजनिक मैदानावर. पार ७१. पहिल्याच दिवशी त्याने ६३ केले, म्हणजे पारपेक्षा आठ कमी. उरलेल्या तीन फेऱ्यांची बेरीज २१३, बरोबर पारइतकी. एका दिवसाची कमाई तीन दिवस जपून ठेवली, असं हे गणित आहे. दक्षिण आफ्रिकेच्या हॅरल्ड हेनिंगशी बरोबरी झाली आणि जादाच्या पहिल्याच होलवर सिफर्डने निकाल लावला. वर्णभेदाच्या राजवटीतून आलेला प्रतिस्पर्धी आणि समोर सिफर्ड, हा योगायोग वार्ताहरांच्या नजरेतून सुटला नाही.

तरी मास्टर्सचं निमंत्रण आलं नाही. ऑगस्टा नॅशनल या खाजगी क्लबाची ही स्पर्धा १९३४ पासूनची. तिथे कुठलंही वंशाचं कलम कागदावर नव्हतं. निवडीच्या अटी क्लब स्वतः ठरवायचा: मोठ्या स्पर्धांतले वरचे क्रमांक, जुने विजेते, अमेरिकेच्या संघातले खेळाडू वगैरे. नुसती टूरवरची एक स्पर्धा जिंकली म्हणून जागा मिळेलच असं नव्हतं. माजी विजेत्यांना मतदान करून एखाद्याला आत घेता यायचं, पण तेही सिफर्डच्या बाबतीत झालं नाही. त्याच मैदानावर कॅडी मात्र सगळे कृष्णवर्णीय, आणि १९८२ पर्यंत खेळाडूंना क्लबाचेच कॅडी घ्यावे लागत. १९७१च्या स्पर्धेनंतर नियम बदलला, टूरवर जिंकणाऱ्याला आपोआप निमंत्रण मिळू लागलं. सिफर्डचे दोन्ही विजय त्याआधीचे. ली एल्डरने १९७४ मध्ये पेन्साकोलाला मॉन्सँटो ओपन जिंकली आणि १९७५ मध्ये तो मास्टर्स खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. सिफर्ड कधीच खेळला नाही, आणि हा सल त्याने बोलून दाखवायचं कधी सोडलं नाही.

त्याच्या आकड्यांकडे बघायचं तर असं बघावं: १९६० पासून जवळजवळ दशकभर तो कमाईच्या यादीत पहिल्या साठांत राहिला. वयाच्या अडतीस ते सत्तेचाळीस या काळात, जेव्हा बहुतेकांचा खेळ उतरणीला लागतो. एकंदर ४२२ स्पर्धांतून टूरवर कमाई सुमारे ३ लाख ४१ हजार डॉलर. १९७५ मध्ये त्याने पीजीए सीनियर्स चॅम्पियनशिप जिंकली. पन्नाशीच्या वरच्यांची सीनियर टूर १९८० मध्ये सुरू झाली, तिथे त्याच वर्षी सनट्री क्लासिक जिंकली. या टूरवर त्याने आधीपेक्षा बरेच जास्त पैसे मिळवले. कारण साधं होतं: तिथे त्याला दर आठवड्याला प्रवेश होता.

मान उशिरा आले. २००४ मध्ये वर्ल्ड गोल्फ हॉल ऑफ फेम, तिथे निवडला गेलेला पहिला आफ्रिकन-अमेरिकन. २००६ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाची मानद डॉक्टरेट. नोव्हेंबर २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामांच्या हस्ते प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम. ३ फेब्रुवारी २०१५ रोजी, ९२व्या वर्षी त्याचं निधन झालं. टायगर वूड्स त्याला आजोबांच्या जागी मानायचा आणि त्याने आपल्या मुलाचं नाव चार्ली ठेवलं.

शार्लटमध्ये रेव्होल्यूशन पार्कच्या गोल्फ मैदानाला २०११ मध्ये सिफर्डचं नाव दिलं गेलं. या मैदानाच्या जमिनीचा एक भाग एका दात्याने नगरपालिकेला दिला होता, पण अट घालून: गोऱ्यांशिवाय दुसऱ्या कुणी वापरली तर जमीन परत आमची. शहरातल्या कृष्णवर्णीय खेळाडूंनी १९५१ मध्ये खटला भरला, आणि ते खटल्यात असताना १९५५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही परतीची अट वैध ठरवली. म्हणजे काळ्यांना खेळू दिलं तर शहराचं मैदानच जाणार. शेवटी पालिकेला दात्याचा हक्क पैसे देऊन विकत घ्यावा लागला, तेव्हा मैदान सगळ्यांना खुलं झालं.

लॉस एंजेलिसची जुनी ओपन आता रिव्हिएराला दुसऱ्या नावाने होते. तिथे दर वर्षी एक जागा सिफर्डच्या नावाने राखलेली असते, गोल्फमध्ये कमी संख्येने असलेल्या समाजांतल्या एका खेळाडूसाठी. सुरुवात २००९ची. ही जागा एका आठवड्याची असते. त्या खेळाडूने कट पार केला तर बक्षिसात वाटा मिळतो. कट चुकला तर पुढच्या आठवड्यात त्याला बाकीच्यांसारखंच पात्रता फेरीच्या रांगेत उभं राहावं लागतं.